आकडी, गोळी आणि भाकरी

आपल्याकडं धाराशिवला लेकराला फेफरं आलं की कांदा हुंगवतात. त्यानं आकडी थांबत नाही. पण उपासानं झटके कमी होतात, हे जुनं निरीक्षण मात्र खरं. 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी उपासाचा परिणाम जेवणातूनच साधायची कल्पना मांडली : चरबी भरपूर, पिष्टमय पदार्थ अगदी मोजके. हाच कीटोजेनिक आहार.

1938 ला फेनिटॉइन आलं. काट्यावर जेवण तोलण्यापेक्षा गोळी सोपी, म्हणून आहार मागं पडला. फसला म्हणून नव्हे. गोळ्यांनी झटके न थांबलेल्या मुलांवर लंडनमध्ये चाचणी झाली, 2008 ला निकाल आला : आहार घेणाऱ्या 38 टक्के मुलांचे झटके तीन महिन्यांत निम्म्याहून जास्त घटले.

आपल्या घरात खरी अडचण ज्वारीच्या भाकरीची. भावंडांच्या ताटात ती, याच्या ताटात नाही. म्हणून हा उपचार डॉक्टर-आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, पण सगळ्या घरानं मिळून करायचा असतो.