आपल्या बॅटरी गाडीचा इतिहास

स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा, असं चिटणीसांनी सांगितलं. प्लॉट, रस्ते, पाण्याची टाकी हे सगळं अध्यक्षांच्या मनोगतात येणारच. मी आठ वर्षं खजिनदार होतो. माझ्या हातून जे घडलं आणि बिघडलं, त्यातलंच एक प्रकरण लिहितो. ते आहे बॅटरीचं.

आपली सुरुवातीची वर्षं लोडशेडिंगची होती. आजच्या मुलांना खोटं वाटेल, पण 2005 च्या सुमारास रोज कितीतरी तास वीज नसायची. घरोघरी इन्व्हर्टर आले, जिन्याखाली एकेक काळी पेटी बसली आणि आपल्या कितीतरी मुलांची दहावी-बारावी त्या पेटीवर झाली. पुढे चित्र पालटलं. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाला जोडलं गेलं. एवढ्या मोठ्या देशाची ही गाठ आपल्या सोलापुरात बसली, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

त्या काळ्या पेटीचा इतिहास मात्र जुना. इटलीच्या व्होल्टाने 1800 मध्ये पहिली बॅटरी जगापुढे आणली, पण ती एकदा संपली की संपली. पुन्हा चार्ज होणारी शिशाची बॅटरी फ्रान्सच्या प्लांते यांनी 1859 मध्ये केली. शिशाचे पत्रे आणि पातळ गंधकाम्ल, एवढंच तिचं सामान. 1900 च्या आसपास अमेरिकेत अशा बॅटऱ्यांवर मोटारी धावत होत्या. पेट्रोलने त्यांना मागे टाकलं. पण दुसऱ्या महायुद्धानंतर त्या गोल्फच्या मैदानावर छोट्या गाड्यांच्या रूपाने परत आल्या. आपल्याकडे बंगळूरची रेवा मोटार 2001 मध्ये आली, तीही शिशाच्या बॅटऱ्यांवरच. माथेरानला डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि माणसांनी ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिला. पेटी साधी, पण माणसाच्या खांद्यावरचं ओझं उतरवते.

आपणही याच विचाराने सर्वसाधारण सभेत ठराव करून जुनी गोल्फ कार्ट घेतली. गेटपासून शेवटच्या रांगेपर्यंत चढ आहे आणि गुडघे सगळ्यांचेच सारखे राहत नाहीत. 6 व्होल्टच्या 8 बॅटऱ्या, एकूण 48 व्होल्ट. दसऱ्याला आपण तिला झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू वाहिलं. पण सीटखालची टोपणं उघडून पाणी कुणी पाहिलं नाही.

खरं सांगायचं तर वॉचमनने पाहिलं होतं. डिस्टिल्ड वॉटर संपलंय, कॅन आणायला पैसे द्या, म्हणून तो माझ्याकडे आला. मी सवयीप्रमाणे म्हणालो, "पुढच्या महिन्याच्या व्हाउचरमध्ये घेऊ." एप्रिल महिना होता, आणि सोलापूरचा एप्रिल तुम्हाला माहीतच आहे. बिचाऱ्याने आपल्या बोअरचं पाणी घातलं. ज्या पाण्याने गीझर वर्षात क्षाराने भरतो, ते पाणी बॅटरीत गेलं. चार्जिंगचंही तेच. गाडी पार थांबेपर्यंत चालवायची आणि तशीच दोन-तीन दिवस उभी ठेवायची. बॅटरी उतरली की पत्र्यांवर शिशाचं सल्फेट बसतं. लगेच चार्ज केली तर ते विरतं, तशीच ठेवली तर कडक होऊन बसतं. बँकेच्या भाषेत, ओव्हरड्राफ्ट वेळेत भरला नाही की खातं एनपीए होतं.

त्या वर्षी गणपतीच्या आरतीला शेवटच्या रांगेतल्या एक आजी गाडीतून येत होत्या. गाडी अर्ध्या वाटेत थांबली. पोरांनी धक्का मारून त्यांना परत घरी पोचवलं. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. "असू दे, इथूनच नमस्कार करते," एवढंच म्हणाल्या. पुढच्या गणपतीला त्या नव्हत्या. आठही बॅटऱ्या बदलाव्या लागल्या. तो खर्च मी ताळेबंदात दाखवला. आजींची राहिलेली आरती कुठल्या रकान्यात दाखवणार?

तेव्हापासून गेटवर बॅटरीची वही आहे. त्यातले नियम इथे लिहून ठेवतो. रोजच्या फेऱ्या संपल्या की त्याच रात्री चार्जिंग. बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नाही. पाणी डिस्टिल्डच, आणि ते चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालायचं; आधी भरलं तर चार्ज होताना ॲसिड फुगून वर येतं. मात्र पत्रे उघडे पडले असतील, तर आधी ते बुडण्यापुरतं घालायचं. उन्हाळ्यात दर आठवड्याला पाहणी. हायड्रोमीटरवर 1.26 च्या पुढे आलं तर बॅटरी भरली समजायची, 1.20 च्या खाली गेलं तर लगेच चार्जिंगला लावायची. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून शेडची खिडकी उघडी ठेवायची आणि जवळ विडी-काडी नको. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकायच्या नाहीत. शिसं विषारी असतं, आणि 2022 च्या नियमांप्रमाणे त्या विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यायच्या.

दुसरा संच या वहीच्या जिवावर पहिल्याच्या दुपटीहून जास्त चालला. आता तरुण मंडळी लिथियम घेऊ म्हणतात. त्यात पाणी घालायची कटकट नाही. जरूर घ्या, माझी संमती आहे. पण वही बंद करू नका. माझे डोळे आता हायड्रोमीटरच्या रेघा वाचत नाहीत. पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता मी शेडपाशी असेन. ज्याला ही वही हातात घ्यायची असेल, त्याने यावं.