इलाज, उपचार, शुश्रूषा

भिलाईच्या मराठी घरांत शब्दांची सरमिसळ जुनीच. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. पुढे पोलाद कारखान्याने आणखी मराठी माणसं इकडे आणली. म्हणूनच स्वमग्न मुलाच्या आईला शेजारीण ‘इलाज करवाइए’ म्हणते, तर सासूबाई ‘उपचार चालू आहेत ना?’ असं विचारतात. दोघींची काळजी एकच, शब्दांचं गोत्र मात्र वेगळं.

‘इलाज’ अरबीतून आला. मराठीत त्याचा अर्थ तोड, उपाय. तो चालेना की ‘नाइलाज’. म्हणजे समोर घालवायची पीडा आहे, हे आधीच ठरलेलं. स्वमग्नता हा काही ताप नव्हे, की उतरला आणि सुटलो.

‘उपचार’ संस्कृत. उप म्हणजे जवळ, चर् म्हणजे जाणं. त्यावरून सेवा, आदर. षोडशोपचार पूजेत आधी आवाहन, मग आसन, मग पाद्य. देवाला बदलण्याचा उपचार त्या सोळांत नाही! ‘थेरपी’चं मूळ असलेल्या ग्रीक ‘थेरापेइया’चाही अर्थ सेवाच. मराठीत मात्र ‘केवळ उपचार म्हणून’ म्हटलं की उरतो तो देखावा.

थेरपीतही अशी घसरण झाली. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांच्या १९८७च्या गाजलेल्या अभ्यासात लहान मुलांना आठवड्याला ४० तास शिकवणी होती आणि यशाचं माप होतं, सरासरी बुद्ध्यांक आणि साध्या वर्गात पहिली पास होणं; थोडक्यात, मूल चारचौघांसारखं होणं. ‘इकडे बघ, हात खाली’ ही तालीम त्याच विचारातली. १९९०च्या दशकात स्वमग्न व्यक्तीच याविरुद्ध बोलू लागल्या. आता मुलाला आहे तसं मान्य करणारी थेरपिस्ट वेगळं वागते. ट्यूबलाइटच्या गुणगुणीने मूल कान झाकतं, तेव्हा ती त्याचे हात खाली ओढत नाही. उठून दिवा बंद करते. बोलता येत नसेल, तर चित्रांची कार्डं पुढे ठेवते.

या वागण्याला मराठीत शब्द आहे: शुश्रूषा. ‘श्रु’ म्हणजे ऐकणं. त्याचं हे इच्छार्थक रूप. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यातूनच निघाला.

तेव्हा थेरपी केंद्र निवडताना फीच्या आधी एक गोष्ट विचारा: माझ्या मुलाने मानेने ‘नको’ म्हटलं, तर तुम्ही काय करता? ‘थांबतो आणि का ते शोधतो’ असं उत्तर आलं, तरच नाव घाला.