डोंगरापलीकडचा शेजार : वारली कृषिजीवनाचा इतिहास

वर्तकनगरच्या पश्चिमेस येऊरचे डोंगर उभे आहेत. तेथील पाड्यांतून आजही वारली कुटुंबे वास्तव्य करून आहेत. या समाजाचा मुख्य मुलूख मात्र उत्तरेकडे डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार व मोखाडा या तालुक्यांत पसरलेला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र पालघर जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत हा प्रदेश ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. त्यामुळे त्याचा इतिहास हा ठाणेकरांच्याही इतिहासाचा एक अध्याय आहे.

वारली हा मूळचा कृषिजीवी समाज. डोंगरउतारावर नागली व वरई, सखल जमिनीत भात आणि जोडीला रानातील कंद, भाज्या व मोहाची फुले, असा त्याचा जीवनक्रम. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा व फांद्या जाळून ‘राब’ भाजावयाचा, त्या जागी रोपे वाढवावयाची आणि पाऊस स्थिरावला की आवणी करावयाची, ही येथील शेतीची परंपरागत रीत. धान्य ही या समाजाच्या दृष्टीने केवळ वस्तू नव्हे. ती कणसरी देवी होय. पीक हाती आले की तारप्याच्या सुरावर स्त्रीपुरुष फेर धरून नाचतात. विवाहप्रसंगी सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात व त्यात पालघट देवीची स्थापना होते. विवाहविधी धवलेरी ही स्त्रीच गीते गाऊन पार पाडते. स्त्रीला दिलेला हा धार्मिक मान विशेष लक्षणीय आहे.

अशा कष्टाळू समाजाच्या वाट्याला दारिद्र्य का आले? त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात सापडते. रेल्वेमार्ग झाल्यावर येथील लाकूड व गवत यांना मुंबईची बाजारपेठ मिळाली आणि जमिनीचे मोल वाढले. १८७८ च्या वनकायद्याने जंगलावरील वहिवाट आकुंचित झाली. सारा रोखीने भरावा लागे. त्यासाठी कर्ज काढावे लागे आणि कर्जापोटी जमीन जाई. सावकार व जमीनदारांत पारशी, इराणी, मुसलमान, ब्राह्मण, तसेच बाहेरून आलेले व्यापारी अशा नाना समाजांचे लोक होते. कालचा मालक आपल्याच शेतात कूळ झाला. मालकाच्या शेतावर बिनमोल राबणे, म्हणजे ‘वेठ’, त्याच्या नशिबी आली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्यास ‘लग्नगडी’ म्हणत. पुष्कळदा त्याची पत्नीही त्या बंधनात अडके.

या अंधारात पहिला प्रकाश कल्याणजवळच्या टिटवाळ्याहून आला. जानेवारी १९४५ मध्ये तेथे किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यास काही वारली बांधव उपस्थित राहिले. त्यानंतर २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली एकत्र आले. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वेठ न करण्याचा आणि दिवसाला बारा आणे रोख मजुरी घेतल्याखेरीज मालकाच्या शेतावर न जाण्याचा निर्धार केला. त्याची किंमतही मोजावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या समुदायावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. परंतु वेठ पुन्हा रुजली नाही. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या गोदावरीताईंच्या ग्रंथात हा सारा वृत्तान्त आलेला आहे.

पुढे १९४८ चा कूळकायदा आला, २००६ चा वनहक्क कायदा आला. भिंतीवरील चौकाची कला जिव्या सोमा मशे यांनी कागदावर व कापडावर आणून जगापुढे नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. तथापि दैन्य सरले नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. भातकापणी उरकली की अनेक कुटुंबे आजही वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणे याच आदिवासी टापूतील. महानगरांची तहान त्यांच्यावर भागते, आणि जवळच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते.

सारांश, या मुलखाचे दारिद्र्य हे निसर्गाचे वा आळसाचे फळ नव्हे. दुसऱ्यांच्या अमर्याद संग्रहातून ते निर्माण झाले. अपरिग्रहाचे व्रत श्रेष्ठ मानणाऱ्या समाजास या इतिहासाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. दानधर्माची परंपरा थोर आहेच. परंतु या शेजाऱ्याला दयेपेक्षा त्याच्या जमिनीचा, पाण्याचा आणि श्रमाचा न्याय्य वाटा हवा आहे. तो देण्याची बुद्धी होणे, हीच त्याच्या संस्कृतीची खरी कदर ठरेल.