कोफ्ता आणि कुटणारे हात

कोफ्ता या शब्दात गोळाही नाही आणि रस्साही नाही. फारसीत 'कोफ्तन' म्हणजे कुटणे. 'कोफ्ता' म्हणजे कुटलेले. पदार्थाला नाव मिळाले ते आकारावरून नव्हे, त्यामागच्या कष्टावरून. उर्दूतला 'कोफ्त' हा शब्दही याच मुळाचा. त्याचा अर्थ मनस्ताप, जिवाची तगमग. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. पण दावतीच्या आदल्या रात्री खिमा कुटत बसलेल्या बाईला या दोन शब्दांचे नाते समजावून सांगावे लागत नाही. मराठीतले 'कुटणे' मात्र कानाला सख्खे वाटले तरी वेगळ्या घरचे. ते संस्कृतच्या 'कुट्ट' धातूवरून आले.

मुहम्मद बिन हसन अल-बगदादी याने इ. स. १२२६ मध्ये, हुलागूने बगदाद उद्ध्वस्त करण्याच्या बत्तीस वर्षे आधी, 'किताब अल-तबीख' हा पाकग्रंथ लिहिला. त्यात 'मुदक्कका' आहे. अरबीतही अर्थ तोच, कुटलेले. 'रुतबिया' या प्रकारात खिम्याला ताज्या खजुराचा आकार देतात आणि आत बी म्हणून बदाम ठेवतात. उकडलेले अंडे पोटात घेणारा आपला नर्गिसी कोफ्ता याच हौसेतला.

हिंदुस्थानात कोफ्त्याच्या कृती सापडतात त्या माळव्यात, मांडूच्या 'निमतनामा'त. सुलतान गयासशाहच्या (१४६९ ते १५००) आवडीचे हे पुस्तक त्याचा मुलगा नासिरशाह याच्या काळात पुरे झाले. पुढे हे हस्तलिखित टिपू सुलतानच्या ग्रंथालयात होते. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या चित्रांत सुलतान ऐटीत बसलेला दिसतो आणि भोवती स्त्रिया चूल, भांडी, वाटण-घाटण सांभाळताना दिसतात. सुलतानाचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. त्या स्त्रियांपैकी एकीचेही नाही.

या कृतींत लाल मिरची नाही. तिखटपणा मिरी आणि आल्याचा. मिरची अमेरिकेतली, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरल्यानंतर पोर्तुगीजांबरोबर ती इकडे आली. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तल्या मसाल्यांच्या भावांत मिरी आहे, मिरची नाही. टोमॅटोही अमेरिकेतलाच. म्हणजे आज ज्या लाल रश्श्याशिवाय आपल्याला कोफ्ता सुचत नाही तो रस्साच सर्वांत नवा. आणि कोफ्त्याला 'बाहेरचा' म्हणणाऱ्यांच्या ताटातला ठेचा या मातीत कोफ्त्यानंतर रुजला, हेही एकदा बोलून ठेवलेले बरे.

कुटण्याला कारण आहे. मिठासह खिमा कुटला की मांसातली प्रथिने मोकळी होऊन चिकट होतात आणि गोळा धरून ठेवतात. भाजलेले डाळे आणि खसखस वाटून घालतात, ती उरलेले पाणी शोषून घेते. कच्चा गोळा उकळत्या रश्श्यात सोडल्यावर डाव घालायचा नाही, पातेलेच कडेने धरून हलवायचे. बाहेरचे मांस शिजून घट्ट झाले की मग भीती नाही. ही शिस्त पुस्तकातून आलेली नाही. सासूकडून सुनेकडे आली.

दुधी किंवा पनीरच्या गोळ्यालाही आता कोफ्ताच म्हणतात. तिथे किसतात, कुस्करतात. कुटत कोणी नाही. नाव तेवढे टिकले. आमच्याकडेही खिमा आता यंत्रातून निघतो. तरी घरातली जुनी बाई तो पुन्हा एकदा पाट्यावर घेते, वरवंट्याने रगडते आणि मगच गोळे वळायला बसते.