कडुनिंबाची चटणी आणि वर्ध्याचे ताट

१) व्हिएतनामच्या दक्षिण भागात, कंबोडियाच्या सीमेलगत, चाऊ डोक नावाचे शहर आहे. मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातील या शहरात पाहुण्यापुढे एक कोशिंबीर येते. तिच्यात कडुनिंबाचा कोवळा पाला, काकडी, सुकवलेले मासे आणि चिंचेची आंबटगोड चटणी असते. पहिल्याच घासाला परका प्रवासी दचकतो. स्थानिक माणसे मात्र ती मोठ्या आवडीने खातात.

२) मराठी माणसाला कडुनिंब परका नाही. गुढीपाडव्याला गूळ, ओवा, हिंग यांच्यासोबत आपण तो चिमूटभर खातो आणि वर्षभरासाठी मोकळे होतो. पण सुमारे नव्वद वर्षांपूर्वी वर्ध्यात एक पंगत अशी होती, जिथे कडुनिंबाची चटणी पाडव्यासाठी थांबत नसे. मित्रहो, आजचा थ्रेड त्या पंगतीविषयी आहे.

३) ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात काँग्रेसने ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संस्था स्थापण्याचा ठराव केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला. जमनालाल बजाज यांनी आपली बाग संघासाठी दिली आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ ती ‘मगनवाडी’ झाली. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस झाले.

४) गांधीजी १९३५ मध्ये मगनवाडीत राहू लागले आणि तिथल्या स्वयंपाकघरात त्यांनी जातीने लक्ष घातले. मसाले हद्दपार झाले. ताटात उकडलेल्या भाज्या, कच्चा पाला, न सडलेल्या तांदळाचा भात, जात्यावरच्या पिठाची पोळी, गूळ आणि कडुनिंबाची चटणी येऊ लागली. भेटीला येणारे पुढारी, प्राध्यापक, परदेशी पत्रकार याच पंगतीला बसत.

५) हा केवळ एका व्रतस्थ माणसाचा छंद होता का? त्या काळाचे विज्ञान पाहिले, तर उत्तर वेगळे मिळते. डच वैद्यक आइकमन यांनी जावा बेटावर, पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो, हे पाहिले होते. तांदळाचा कोंडा परत दिला, की कोंबड्या सुधारत. १९२९ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. ‘व्हिटॅमिन’ हा शब्दच मुळी १९१२ चा.

६) इकडे निलगिरीतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅककॅरिसन हे भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील आहार उंदरांना देऊन त्यांची वाढ आणि आजार तपासत होते. गांधीजी हे संशोधन वाचत आणि ‘हरिजन’ साप्ताहिकात त्याचा आधार घेत. गिरणी तांदळाचा कोंडा काढून घेते आणि सोबत खेड्यातील कांडणाऱ्या बाईची मजुरीही नेते. आरोग्य आणि रोजगार हे दोन प्रश्न मगनवाडीत असे एकाच ताटात आले होते.

७) मग कडुनिंबच का? कारण तो फुकट होता. दूध, तूप, फळे विकत घ्यावी लागत. कडुनिंब आणि चिंच मात्र प्रत्येक खेड्याच्या वेशीवर उभी होती. ज्या शेतमजुराच्या भाकरीसोबत मिरची-मिठापलीकडे काही नसे, त्याला एक पैसाही न मोजता हिरवा पाला कसा मिळेल, हा मूळ प्रश्न होता. कडू चवीमागे हा साधा हिशेब होता.

८) गरिबाला रानपाला ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. वर्धा-नागपूर भागात पावसाळा लागला, की तरोट्याची कोवळी पाने खुडून भाजी करण्याची रीत जुनी आहे. घोळ, आंबाडी याही भाज्या तिथे घरोघरी होतात. अडचण प्रतिष्ठेची होती. जे फुकट मिळते ते कमी दर्जाचे, अशी समजूत खोल रुजली होती. तोच पाला देशातील सर्वांत प्रसिद्ध ताटात मांडणे, हे या समजुतीला दिलेले उत्तर होते.

९) हे ताट पाहुण्यांना सोपे गेले नाही. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला, म्हणजे पुढे ज्याचे नाव सेवाग्राम झाले त्या गावी, राहायला गेले. जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर तिथे आठवडाभर राहिले. दिवसामागून दिवस तीच उकडलेली भाजी पाहून ते कंटाळले आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. मीठ आणि लिंबू भरपूर घ्या, असा सल्ला गांधीजींनी दिला.

१०) टोकाला जाणारेही होते. आश्रमातील प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी काही काळ पाण्यात कालवलेले कच्चे पीठ आणि कडुनिंबाचा पाला यांवर राहत. चिमूरमध्ये स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून १९४२-४३ मध्ये ६३ दिवस उपोषण केले ते हेच भणसाळी. परंतु त्यांचा मार्ग तपस्व्याचा होता. संघाला हवा होता तो रोजच्या संसारात टिकणारा आहार.

११) त्या पंगतीत कडुनिंबाहून अधिक धक्कादायक गोष्ट दुसरीच होती. शेजारी कोण बसले आहे आणि अन्न कोणी शिजवले आहे, हे तिथे विचारले जात नसे. आश्रमाच्या स्वयंपाकात दलितांचे हात होते. ज्या काळात विहिरीवरून माणसे बाटत होती, त्या काळात अनेक पाहुण्यांना चटणीपेक्षा ही गोष्ट गिळणे अवघड गेले असेल.

१२) या ताटाची मर्यादाही पाहिली पाहिजे. मासे आणि मांस त्यात नव्हते. पण खेड्यातील अनेक गरीब घरांत, विशेषतः दलित आणि आदिवासी घरांत, पोषण तिथूनही येत होते. चाऊ डोकच्या कोशिंबिरीत कडुनिंबासोबत सुकी मासळी सहज नांदते. मगनवाडीला ते शक्य नव्हते. गरिबाच्या अन्नाला मान देणाऱ्या या प्रयोगाने त्या अन्नाचा एक भाग बाहेरच ठेवला.

१३) आता सर्वांत विलक्षण धागा. १९३५ मध्ये मगनवाडीत आणखी एका अपरिचित पदार्थाचा प्रयोग झाला. तो होता सोयाबीन. स्वस्तात प्रथिने देणारे कडधान्य म्हणून गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्याविषयी लिहिले. पूर्व आशियात त्याचे दही, पनीर, चटण्या शतकानुशतके खाल्ल्या जात. व्हिएतनाममध्ये सोयाबीनचे पनीर आजही रोजच्या जेवणात असते. वर्ध्यात मात्र ते दाणे सर्वस्वी नवे होते.

१४) आज वर्धा जिल्ह्यात पावसाळ्यात कुठेही फिरा. कापूस आणि तुरीसोबत मैलोगणिक सोयाबीन दिसेल. हा पालट गांधीजींच्या लेखांमुळे झाला नाही. तो कित्येक दशकांनंतर बाजाराने आणि तेलगिरण्यांनी घडवला. दाण्याचे तेल निघते आणि पेंड बहुतांशी कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. मगनवाडीला जे ताटात हवे होते ते शेतात आले, पण ताटाला वळसा घालून बाजारात निघून गेले.

१५) न सडलेल्या तांदळाचे झाले ते याच्या उलट. एकेकाळी गरिबाचा आणि आश्रमाचा असलेला तो तांदूळ आज शहरातील दुकानांत आरोग्याचे अन्न म्हणून चढ्या भावाने विकला जातो. लाकडी घाण्याच्या तेलाचेही तेच. घाणी सुधारण्याचे मोठे काम मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी केले, ते खेड्यातील तेल्याचा धंदा टिकावा म्हणून. आज ते तेल ज्यांना परवडते, त्यांच्यात खेड्यातील मजूर क्वचितच असतो.

१६) म्हणून एखादे अन्न ‘विचित्र’ आहे असे म्हणण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. ते कोण खात होते, आणि त्यांच्यापुढे दुसरा पर्याय होता का? मेकाँगकाठचा कडू पाला ही तिथली रुची आहे, पाडव्याचा पाला आपला संस्कार आहे आणि मगनवाडीचा पाला हा भुकेविषयीचा युक्तिवाद होता. झाड एकच आहे.

१७) वर्ध्याला गेलात तर सेवाग्रामसोबत मगन संग्रहालयही पाहा. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. चरखा, जाते, घाणी ही तिथली साधने नुसती जुनी अवजारे समजू नका. देशातील सर्वांत गरीब घरात आज काय शिजेल, हा प्रश्न ज्यांनी राजकारणाच्या मध्यभागी ठेवला, त्यांची ती हत्यारे आहेत. तो प्रश्न अजून संग्रहालयात गेलेला नाही.