हरसूलची वाट

वाचकहो, नाशिक जिल्ह्यात पाहण्यासारखे काय आहे असे परगावच्या पाहुण्याने विचारले, तर आपण काय सांगतो? पंचवटी, पांडवलेणी, वणीची सप्तशृंगी, त्र्यंबकेश्वर. इथे आपली यादी संपते आणि त्र्यंबकच्या स्टँडवरून एस. टी. मागे वळते. हल्ली पावसाळ्यात काही हौशी मंडळी दुगारवाडीचा धबधबा पाहायला जव्हारच्या रस्त्याने चार मैल पुढे जातात, एवढेच. पण त्याच डोंगरांच्या पलीकडे हरसूलचा मुलूख आहे आणि तिथे जायचे तर नुसते डोळे पुरत नाहीत, थोडा इतिहासही बरोबर न्यावा लागतो.

हरसूलला जायच्या वाटा दोन. एक त्र्यंबकेश्वरावरून, दुसरी गिरणाऱ्यावरून वाघेरा घाटाची. ही दुसरी वाट मला अधिक आवडते, कारण तिच्यावर भूगोल आपण होऊन बोलतो. मागे काश्यपीचे खोरे राहते, ते पाणी गोदावरीचे. म्हणजे सुमारे 1465 किलोमीटर चालून पार बंगालच्या उपसागराला मिळणारे. घाट ओलांडला की ओहळांची तोंडे फिरतात. इकडचे पाणी दमणगंगेच्या खोऱ्यातले. ते गुजरातेत उतरते आणि दमणजवळ अरबी समुद्राला मिळते. गुरुजी, वर्गात नकाशा टांगण्याआधी मुलांना हा एकच प्रश्न घाला: हरसूलच्या शाळेच्या कौलावर पडलेला थेंब कुठे जाईल आणि गिरणाऱ्याच्या शाळेच्या कौलावर पडलेला कुठे? जलविभाजक हा अवघड शब्द मग फळ्यावर लिहिला काय न लिहिला काय, सारखेच.

हे सारे डोंगर लाव्ह्याच्या थरांचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर बसले आणि काळा कातळ तयार झाला. म्हणून इथले कडे पायरीपायरीने उतरतात, आणि जिथे पायरी तिथे पावसाळ्यात धबधबा. मात्र जपून हं. वरच्या डोंगरात सर आली की खालचा ओढा घटकाभरात फुगतो. ऑगस्ट 2022 मध्ये दुगारवाडीला पर्यटक पाण्यापलीकडे अडकून पडले होते. गावकरी 'आता उतरू नका' म्हणाला, की उतरू नये. त्याला त्या पाण्याचा स्वभाव ठाऊक असतो.

आता इतिहास. मोटाररस्ते होण्यापूर्वी घाटावरचा आणि खालचा व्यवहार बैलांच्या पाठीवर चाले. धान्य खाली जाई, मीठ वर येई. अशा वाटांवर नजर ठेवायला गड लागत. वाघेरा गड याच वाटेवर आहे आणि पुढे ठाणापाड्याच्या बाजूला खैराई. खैराईचा माथा काही फार उंच नाही, बांधकामही थोडकेच उरले आहे. पण त्याची जागा पाहा: एका अंगाला त्र्यंबकचे डोंगर, दुसऱ्या अंगाला जव्हारच्या कोळी राजांचा आणि रामनगरच्या राजांचा मुलूख. रामनगर म्हणजे आजच्या धरमपूरची बाजू. 1672 मध्ये मराठ्यांनी जव्हार आणि रामनगर घेतले, तेव्हा सुरतेकडे जाणारी वाट मोकळी झाली. त्याआधी जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर गेले तेही याच डोंगरपट्ट्यातून. जव्हारजवळ शिरपामाळ नावाची जागा आहे, तिथे महाराजांचा मुक्काम पडला होता असे लोक सांगतात.

पेशवाई बुडाली ते साल 1818. त्या एप्रिलमध्ये त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि आसपासचे गड एकामागून एक उतरले. हरिहरच्या कातळातल्या पायऱ्या पाहून इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज थक्क झाला होता. इतर कित्येक गडांच्या वाटा त्या लोकांनी सुरुंगाने उडवल्या. हरिहरचा जिना मात्र उभा आहे. आज त्यावर शनिवार-रविवारी मुंगीच्या रांगेसारखी माणसे चढतात. चढोत बापडी, पण तो जिना शोभेसाठी खोदलेला नव्हता, एवढे चढताना आठवावे.

हरसूल त्या वेळी पेठ संस्थानात होते, त्यातला एक परगणाच होता. संस्थान दळव्यांचे. त्यांच्यातली एक शाखा औरंगजेबाच्या काळात मुसलमान झाली आणि गादी तिच्याकडे राहिली. पुढे इंग्रजांनी कारभार आपल्याकडे घेतला आणि बेगमेला तनखा बांधून दिला. दुसऱ्या शाखेतले भगवंतराव गादीवर हक्क सांगत होते. लोक त्यांना भाऊराजे म्हणत.

1857 च्या डिसेंबरात त्र्यंबकला भिल्ल आणि ठाकर उठले. लगोलग हरसूलचा बाजार लुटला गेला आणि पेठेच्या बाजूलाही वणवा पेटला. इंग्रजांनी फौज आणली, उठाव मोडला आणि भगवंतरावांना फासावर चढवले. सरकारी दप्तरात याची नोंद आहे ती 'लूट' म्हणून. आता विचार करा. बाजारात काय असते? मीठ, गूळ, कापड आणि सावकाराची वही. रानातल्या माणसाच्या घरचे नागलीचे कणगे त्या वहीतून केव्हाच बाहेर गेलेले असायचे. ज्याच्या हाती लेखणी त्याने 'लूट' लिहिले; फासावर गेलेल्यांनी काही लिहून ठेवले नाही. सगळेच जण राज्यक्रांतीसाठी उठले होते असे मी म्हणणार नाही, कुणी भुकेने उठला असेल, कुणी रागाने. पण नुसता दरोडा असता तर राजघराण्यातल्या माणसाला फाशी देण्याइतकी सरकारला धास्ती का वाटावी? मीरत आणि झाशी आपली मुले पाठ करतात. हरसूलचे नाव हरसूलच्या मुलांना तरी माहीत हवे. 1878 मध्ये बेगम वारली आणि संस्थान खालसा झाले. हरसूल पुढे पेठ तालुक्यात होते, 1999 मध्ये त्र्यंबकेश्वर तालुका निघाला तेव्हापासून ते त्यात आहे.

लिहून ठेवले नाही म्हटले, पण सांगून ठेवलेले मात्र पुष्कळ आहे. कोकणा मंडळींत काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करून तिच्यावरून बोटे ओढतात, थाळी घुमू लागते आणि तिच्या नादावर कथा चालते, कधी रात्रभर. कणसरीची, म्हणजे धान्यमाउलीची कथा त्यातलीच. या पट्ट्यात बोहाडा होतो, त्यात देवादैत्यांचे मुखवटे घालून सोंगे नाचतात. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव बसतो. या दिवसांत गेलात तर पाहुण्यासारखे जा. फोटो काढायचा तर आधी विचारा, कारण तो त्यांचा देव आहे. आणि पावसाळा सरताना गेलात तर उतारावर खुरासणीची पिवळी फुले फुललेली दिसतील. तिच्या तेलातली भाजी एकदा खाऊन पाहा.

पाण्याची गोष्ट राहिली. दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारा हा मुलूख, आणि चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन दऱ्या उतरतात. कातळ पाणी धरत नाही, उतार ते थांबू देत नाही. आता दमणगंगेच्या खोऱ्यातले पाणी बोगद्याने पिंजाळ नदीच्या खोऱ्यात नेऊन मुंबईला द्यायची योजना आहे. तिचा सविस्तर अहवाल 2014 मध्ये झाला. त्यातले भुगड धरण याच बाजूला यायचे आहे. मुंबईला तहान आहे हे खरेच, पण ज्यांच्या शेतावरून पाणी जायचे त्यांच्या हंड्याचे काय, हा पाड्यांचा सवाल आहे.

हरसूलजवळ खरशेत गावाचा शेंद्रीपाडा आहे. मध्ये तास नदीची खोल घळ. तिच्यावर लाकडी ओंडका टाकून बायका डोक्यावर हंडा घेऊन पलीकडे जात. वर्तमानपत्रांत छायाचित्र आले, गवगवा झाला आणि जानेवारी 2022 मध्ये तिथे लोखंडी पूल बसला. त्याच वर्षीच्या जुलैत पूर आला आणि पूल वाहून गेला. याच भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. तुम्ही हरसूलला गेलात तर धबधब्याची वाट कुणीही दाखवील. तासचा घाट कुठे आहे तेही विचारा, आणि उतरून पाहा.