मागणीपत्र, करार, घोषणा : एस.टी. कामगारांच्या वेतनाची भाषा

‘वस्तीची गाडी’ हा शब्दप्रयोग रत्नागिरीकरांना समजावून सांगावा लागत नाही. संध्याकाळी राजापूर किंवा गुहागर आगारातून सुटलेली एस.टी. आडगावी मुक्कामाला थांबते व पहाटे परतते. त्या मुक्कामासाठी चालक-वाहकाला मिळणारी रक्कम म्हणजे रात्रवस्ती भत्ता. हा भत्ता किती असावा हे कोण व कसे ठरवतो, ह्या प्रश्नात एका व्यवस्थेचा इतिहास दडलेला आहे.

ती व्यवस्था कराराची. १९७१च्या महाराष्ट्र कामगार संघटना कायद्याने ‘मान्यताप्राप्त संघटना’ ही संज्ञा रूढ केली. सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद असणाऱ्या संघटनेला अशी मान्यता मागता येते आणि मग वाटाघाटीला ती बसते. त्याआधी मागणीपत्र सिद्ध करावे लागते. मागणीपत्र हा आमच्या मते मराठीतील एक दुर्लक्षित गद्यप्रकार आहे. मूळ वेतन, महागाई भत्ता ह्या मोठ्या कलमांखाली गणवेश, विश्रांतिगृह, रात्रवस्ती अशी बारीक कलमे येतात; कामाचे खरे स्वरूप त्या बारीक कलमांतूनच कळते. मुंबईत टेबलापाशी बसणाऱ्याला वस्तीच्या गाडीतली रात्र ठाऊक असतेच असे नाही. ती कोणीतरी लिहून द्यावी लागते.

एस.टी.तील २०१२ ते २०१६चा करार ३१ मार्च २०१६ रोजी संपला. पुढचा झालाच नाही. सातव्या वेतन आयोगाच्या मागणीसाठी ऑक्टोबर २०१७मध्ये ऐन दिवाळीत संप झाला. उच्च न्यायालयाने तो बेकायदेशीर ठरवला. जून २०१८मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते ह्यांनी ४,८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ जाहीर केली. रक्कम मोठी होती, तरीही लगेच कामगार संपावर गेले. आकड्याविषयी तक्रारी होत्याच. पण सहीच्या जागी घोषणा आली होती, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

२०२१चा संप ह्या पार्श्वभूमीवर वाचावा. ऑक्टोबरअखेर भत्त्यांच्या मागण्या मान्य होताच संघटनांनी आंदोलन मागे घेतले. आगारांतील कामगार मात्र हटले नाहीत. त्यांना हवे होते विलीनीकरण, म्हणजे राज्य शासनाच्या सेवेत समावेश. ह्या शब्दातील विसंगतीची चर्चा त्या वेळी फारशी झाली नाही. शासकीय कर्मचाऱ्याच्या वेतनाचा असा करार होत नसतो. वेतन आयोग शिफारस करतो व शासन निर्णय निघतो. (अनुदानित महाविद्यालयांतील आम्हा अध्यापकांचेही तसेच. वेतनश्रेणी येते, ती आम्ही वाचतो.) तेव्हा विलीनीकरण मागणारा कामगार वाटाघाटीचा हक्कच सोडायला तयार झाला होता. त्याला भोळा ठरवणे सोपे आहे. पाच वर्षे ज्या टेबलावर काही ठरले नाही, ते टेबल त्याने का राखावे?

२४ नोव्हेंबर २०२१ रोजी पुन्हा घोषणाच झाली. मूळ वेतनात १ ते १० वर्षे सेवा झालेल्यांना ५,००० रुपये, १० ते २० वर्षे झालेल्यांना ४,००० आणि त्याहून जुन्यांना २,५०० रुपये वाढ. नव्यांचे वेतन अतिशय तुटपुंजे होते, हे खरे; पण वीस वर्षे घाटात गाडी चालवणाऱ्याला सर्वांत कमी वाढ का, हे त्याला कोणी समजावायचे? वाटाघाटीत हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघाला असता. विलीनीकरण त्रिसदस्यीय समितीने अमान्य केले, न्यायालयाने २२ एप्रिल २०२२पर्यंत कामावर हजर होण्यास सांगितले आणि संप सरला.

ह्या विषमतेचा निकाल लागायला सप्टेंबर २०२४ उजाडले. गणेशचतुर्थी ७ तारखेला होती, मुंबईहून चाकरमान्यांच्या गाड्या सुटायच्या होत्या, आणि ३ तारखेला संप सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्र्यांशी बैठक होऊन सरसकट ६,५०० रुपयांची वाढ मान्य झाली. पूर्वी ५,००० मिळालेल्यांना १,५०० अधिक, २,५०० मिळालेल्यांना ४,००० अधिक. गाड्या वेळेवर कोकणात उतरल्या. मात्र गणपती तोंडावर असताना दोन दिवसांत मोठा आकडा ठरतो. रात्रवस्तीच्या कलमावर बोलायला तेवढा अवधी पुरत नाही.